दोन हिसके

महारुद्रनं तिला माफ केलं होतं, आणि धुरपदाबाईला नेमकं तेच खपत नव्हतं.

शिव्या घातल्या असत्या तर तिनं त्या दुपटीनं परत केल्या असत्या. तोंड काही कुणाकडून उसनं आणायचं नव्हतं. पण हा दीर तिला कधी वाकडा शब्द बोलला नाही. दर आखितीला, पितरांचं जेवण वाढायच्या आधी, वसरीत पाहुणेरावळे बसलेले असताना तो हात जोडायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, "झालं ते झालं. वैनीच्या हातनं दोर सुटला. माणसाचा हात हाय, सुटतू. माझ्या मनात काय बी न्हाय." मग बसलेल्या माना हलायच्या. दूध सोसायटीचा चेअरमन, इस्त्रीचं धोतर, आणि वर एवढं मोठं मन. चुलीपाशी बसून धुरपदाबाई ते सोळा वर्षं ऐकत होती. पहिल्या वर्षी तिनं उलथनं फेकून मारलं, तेव्हा लोक म्हणाले, बघा, पाप कसं बोलतं. त्यानंतर तिनं फेकणं सोडलं.

आखितीला घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरून पुजायचा, तापल्या दिवसांत त्यांना गार पाणी पोचावं म्हणून. करा भरायचा मान घरच्या थोरल्या सुनेचा. महारुद्रनं तोही काढून घेतला होता. "वैनीचा हात धड न्हाय, करा फुटंल," म्हणायचा, आणि पुतळाबाईच्या नावाचा करा स्वतः भरायचा. धुरपदाबाई या घरात लग्न होऊन आली तेव्हा हा सात वर्षांचा होता, शेंबूड तिच्या पदराला पुसायचा. म्हणून चेअरमन झाला तरी ती त्याला अरेतुरेच करायची. तेवढं एक त्याला काढून घेता आलं नव्हतं.

पुतळाबाई म्हणजे महारुद्रची पहिली बायको, धुरपदाबाईची धाकटी जाऊ. ती कशी गेली हे दोन तऱ्हांनी सांगता आलं असतं. गावात सांगितलं जायचं एकाच तऱ्हेनं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. आदल्या सालचा पाऊस पुरता बुडालेला. माणसं रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरीवर आणि सरकारी सुकडीवर दिवस ढकलत होती. धुरपदाबाईचा नवरा दगडोबा सगळ्या गावाबरोबर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचा. शेतातली चाळीस हात विहीर कोरडी पडली होती. तळाच्या एका कपारीतून तेवढं करंगळीएवढं पाणी पाझरायचं. त्यासाठी घरातलं हलकं माणूस काथ्याच्या दोराला बांधून खाली सोडायचं. त्यानं तळाशी बसून वाटीवाटीनं कळशी भरायची. खालून दोराला एक हिसका आला की अजून सोडायचं. दोन हिसके आले की वर घ्यायचं. हाक मारायची नाही, कारण विहिरीत आवाज घुमतो आणि घ्या म्हणालं का सोडा म्हणालं हे वर कळत नाही. गावातल्या सगळ्या विहिरींवर हीच रीत होती.

घरात सगळ्यांत हलकी पुतळाबाई. आखितीच्या सकाळी कऱ्याला पाणी हवं म्हणून ती उतरली. वर दोर धरायला दोघं होती. पुढं धुरपदाबाई, दोर उजव्या खांद्यावरून घेऊन. तिच्या पाठीमागं महारुद्र. दोराचं टोक एरवी निंबाच्या बुंध्याला बांधलेलं असायचं. त्या दिवशी पाणी आणखी खाली गेलेलं, दोर दोन हात कमी पडत होता, म्हणून महारुद्रनं तो निंबाचा सोडला. "आमी दोघं हाव की," म्हणाला.

दहाच्या सुमाराला दोन हिसके आले. दोघं ओढायला लागली. पुतळाबाई निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात धुरपदाबाईच्या पाठीमागचा जोर गेला. सगळं वजन एकदम तिच्या खांद्यावर आलं. खांद्यात जुनेर फाटावं तसं काहीतरी फाटलं. ते तिला दुखायच्या आधी ऐकू आलं. तरी तिनं धरलं. किती वेळ, ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. खालून पुन्हा दोन हिसके आले, तेवढा वेळ नक्की. मग आणखी दोन. मग तळहाताची सालटं घेऊन दोर गेला.

तिनं वळून बघितलं तर महारुद्र चार पावलं मागं उभा होता.

माणसं जमली तेव्हा तो काठावरच्या मातीत कोपरापर्यंत हात खुपसून रडत होता. "ह्याचे हात बगा," ती सांगत राहिली, "माझे बगा आन ह्याचे बगा." कुणी बघितले नाहीत. रडणाऱ्या माणसाचे हात कोण उलटून बघतं? पंचांनी एवढंच विचारलं, दोर शेवटाला कुणाच्या हातातनं गेला. तिच्या हातातनं गेला होता. हे खरंच होतं.

माकणीहून पुतळाबाईचा भाऊ ज्ञानोबा दर आखितीला यायचा. कऱ्याला हात जोडायचा, जेवायचा. पण धुरपदाबाईच्या हातचं पाणी त्यानं त्या दिवसापासून घेतलं नाही. तांब्या पुढं केला की म्हणायचा, तहान न्हाय. आणि दगडोबा. पाच वर्षांपूर्वी अंथरुणावर शेवटचे श्वास घेताना तो तिला म्हणाला, "तू मुद्दाम न्हाय सोडलंस, मला ठाव हाय." सोळा वर्षांत ती फक्त त्या एका वाक्याला रडली.

विहिरीवरच्या त्या दिवसापासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. अंबाडा सून बांधायची. भाकरी ती डाव्या हातानं थापायला शिकली, आणि कुणी बघायला लागलं तर बघणाऱ्यालाच चार शब्द ऐकवायची. कुणी वारा भरला म्हणालं, कुणी हाड सरकलंय म्हणून पाय देऊन ओढलं, कुणी सुई टोचली. लोहाऱ्याच्या डॉक्टरानं वय सांगितलं. "वय काय एकाच हाताला हुतं का?" तिनं विचारलं. डॉक्टर हसला. हसण्यानं तिचं डोकं आणखी फिरलं.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसात माकणीचं धरण भरलं. जुनं गाव, खालचं शेत, निंब आणि ती विहीर पाण्याखाली गेली. माळावर नवं गाव बसलं, पत्र्याची घरं, दारांवर नंबर. वसरीतून खाली बघितलं की नुसतं सपाट पाणी दिसायचं.

पाणी चढलं त्याच महिन्यात ते सुरू झालं.

पहिल्या खेपेला ती वसरीत शेंगा निवडत बसली होती. सकाळचे दहा वाजले असतील. मांडीवरचा उजवा हात आपोआप घसरला आणि जमिनीला टेकला. तिनं उचलून परत ठेवला, परत घसरला. कुणी धरून ओढावं तसं नव्हतं. भरली कळशी बोटांना अडकवून सोडून द्यावी तसं होतं, ओलं आणि गप. वजन थोडा वेळ लोंबत राहिलं. मग खांद्याला दोन हिसके बसले, आणि वजन गेलं.

पुढं ते रोज त्याच वेळेला व्हायला लागलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. असलं बोललं की लोक अंगात आलं म्हणतात, आणि अंगात येणाऱ्या बायांचा तिला मनस्वी कंटाळा होता. तिनं आपल्यापरीनं तपासून बघितलं. तोंड फिरवून बसली. हात पाण्याच्याच बाजूला गेला. खांबाला पाठ लावून हात फडक्यानं छातीशी बांधला. फडकं पाण्याच्या बाजूला ताणलं आणि गाठ आवळून बसली, ती मग सुटेना, कापावी लागली. लोहाऱ्याला नोकरीपायी एकटाच खोली घेऊन राहणाऱ्या लेकाकडं, मच्छिंद्रकडं, आठ दिवस राहिली. तिथं ओढ दुसऱ्या अंगाला होती. कोणत्या, हे तिनं मच्छिंद्रला साळसूदपणे विचारलं.

"ह्या भिंतीपल्याड कोणचं गाव येतं रं?"

"सरळ गेलं की माकणी," मच्छिंद्र म्हणाला. तो शाळामास्तर होता, विचारलेल्याचं उत्तर द्यायचा आणि पुढं विचारायचा नाही. हा गुण त्यानं बापाकडून घेतला होता.

दुखणं रात्रीची झोप खायला लागलं तेव्हा त्यानं तिला सोलापूरला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं खांद्याचा फोटो काढला. फोटोत काही नव्हतं. हाडं जिथल्या तिथं होती. ती परत आली तर दूध संकलन केंद्राच्या पायरीवर महारुद्र उभा. त्यानं "बघू बघू" करत पाकीट घेतलं, फोटो उन्हाकडं धरला आणि कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायाबापड्यांसमोर म्हणाला, "देवाची किरपा. वैनीचा खांदा धडधाकट हाय."

मग हळूच, जणू मायेनं, पुढं म्हणाला, "चाळीस हातांवर माणूस लोंबतंय आन एकटीनं धरलं म्हणता. काय तर तुटलं असतं की वैनी. फोटुत काय तर आलं असतं."

रांगेतल्या माना हलल्या. सोळा वर्षं तिच्याजवळ एकच साक्षीदार होता, तिचा स्वतःचा खांदा, आणि तो आज चारचौघांत फिरला होता. ती घरी गेली, माठातलं पाणी ओतून दिलं, माठ घासला, परत भरला, आणि मच्छिंद्रला निरोप धाडला की मला परत सोलापूरला ने, त्या डॉक्टरला चार गोष्टी सांगायच्या हायत.

डॉक्टरनं तिच्या चारही गोष्टी ऐकून घेतल्या. मग तिचा हात धरून बाजूनं वर नेला आणि म्हणाला, "मी सोडतो, तुम्ही असाच ठेवा." त्यानं सोडला. हात धाडकन खाली पडला.

"फोटोत फक्त हाड दिसतं, मावशी," तो म्हणाला. "हाडाला मांस बांधणारी आतली दोरी असते, कंडरा म्हणतात तिला. ती तुटली तर ह्या फोटोला पत्ता लागत नाही. मुंबईला आता नवीन मशीन आलंय, मोठ्या लोहचुंबकाचं. त्यात मांस दिसतं, दोरी दिसते, तुटली असेल तर तेही दिसतं."

"कवा तुटली ते बी दिसतं का?"

"अंदाज येतो."

"मग चिठ्ठी द्या."

आखितीला महिना राहिला होता. मच्छिंद्रनं रजा काढली, आणि दोघं सोलापुराहून रेल्वेनं गेली.

इस्पितळाच्या तळघरात ते मशीन होतं. पांढरी, आडवी पाडलेली कणगी, आणि तिच्या तोंडाशी एक अरुंद फळी. खोली इतकी गार की धुरपदाबाईनं पदर गच्च आवळून घेतला. मशीन चालवणारा माणूस अक्कलकोटकडचा निघाला, शांतलिंग नावाचा. तिची बोली ऐकून त्याला बरं वाटलं.

"अंगावर लोखंड काय हाय, अक्का? सगळं काढून ठेवायचं. चुंबक वढून घेतंय."

तिनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. घराच्या, कोठीच्या, पेटीच्या किल्ल्या. तीस वर्षांत त्या कुणाच्या हातात दिल्या नव्हत्या, सुनेच्यासुद्धा नाही. मच्छिंद्रच्या हातात देताना म्हणाली, "मोजून घे."

"अंगाच्या आत काय लोखंड? खिळा, सळई?"

"डोक्यात हाय म्हणत्यात लोक. अंगात न्हाय."

शांतलिंग हसला. त्यानं तिला फळीवर उताणं झोपवलं, उजवा हात अंगालगत ठेवून दंडाला आणि मनगटाला पट्टे बांधले, वर वाळूची पिशवी ठेवली. "पाऊण तास. जरा बी हलायचं न्हाय. हललं की फोटो फिसकटतो."

फळी आत सरकली. छत नाकाला लागेल एवढं जवळ होतं. मग ठोकायला सुरुवात झाली, लोहाराच्या ऐरणीशेजारी डोकं ठेवल्यासारखी. तिनं डोळे मिटले. मनातल्या मनात महारुद्रला शिव्या मोजायला लागली. त्यात तिचा वेळ बरा जायचा.

ठोकणं थांबलं. शांतलिंग आत आला.

"हात वढू नका, अक्का."

"म्या वढत न्हाय."

त्यानं पट्टे आवळले, दुसरी पिशवी ठेवली. पुन्हा ठोकणं. पुन्हा थांबलं. या वेळी तो थोडा वैतागला होता. फळीवर पेनानं तिच्या मधल्या बोटाच्या टोकाशी त्यानं खूण केली.

तिसऱ्यांदा तो आला. खुणेकडं बघत उभा राहिला. बोट खुणेच्या दोन बोटं पुढं गेलं होतं. पट्टे जागेवर होते. पिशव्या जागेवर होत्या.

"किती वाजलं?" धुरपदाबाईनं विचारलं.

"सव्वादहा."

"मशीन वढतंय का मला?"

"माणसाला न्हाय वढत, अक्का. फक्त लोखंडाला."

"माझं पाय कुठल्या दिशेला येत्यात?"

त्यानं भिंतीकडं बघून हिशेब केला. "पूर्वेला."

"पूर्वेला माझं गाव," ती म्हणाली. "आता थांबंल जरा येळानं. मग काढ तुझं फोटू."

तो दाराशी जाऊन थांबला. तिनं आत डोळे उघडे ठेवले होते. वजन होतं, ओलं, गप. मग खांद्याला दोन हिसके बसले, आणि शांतलिंगनं फळीवरचे पट्टे दोनदा करकरलेले ऐकले. त्यानंतर त्यानं सगळे फोटो काढले. जाताना किल्ल्या मच्छिंद्रकडं आहेत एवढंच म्हणाला.

फोटो वाचणारी डॉक्टरीणबाई नीटनेटकी आणि कमी बोलणारी होती. तिनं काळे कागद उजेडाच्या काचेवर लावले आणि पेन्सिलीनं दाखवलं.

"ही दोरी इथं हाडाला चिकटलेली असायला हवी. नाहीये. पूर्ण तुटून टोक आत, इथपर्यंत गेलंय. आणि तिच्यामागचं हे मांस बघा, सुकून गेलंय. एवढं सुकायला वर्षं लागतात. पंधरा, वीस."

"सोळा," धुरपदाबाई म्हणाली.

"कसं झालं? वरून मार बसल्याचं काही दिसत नाही. एकदम मोठं वजन आलेलं असणार. काय उचलत होता एकट्यानं?"

एकट्यानं. धुरपदाबाईनं त्या शब्दासाठी सोळा वर्षं काढली होती. तिला वाटलं होतं तो ऐकला की रडू येईल. आलं नाही. तिनं फक्त मच्छिंद्रकडं बघितलं. तो मान खाली घालून हातातल्या किल्ल्या मोजत होता.

"हे मराठीत लिहून द्या," ती डॉक्टरीणबाईला म्हणाली. "एकट्यानं, हे बी लिवा."

डॉक्टरीणबाईनं लिहून दिलं. कागद मात्र तिनं लगेच दिला नाही. काचेवरच्या पहिल्या, फिसकटलेल्या फोटोंकडं ती पुन्हा वळली.

"हे मला कळलं नाही," ती म्हणाली. "दोरी तुटली की दंडाचं हाड वर सरकतं. तुमचं इथं खाली गेलंय. खोबणीतून बोटभर बाहेर. उभ्या माणसाच्या हातात जड काही असेल तर असं दिसू शकतं. तुम्ही झोपलेल्या होतात." ती थांबली. "आणि हलल्यामुळं हाडाच्या सावल्या पडल्यात. प्रत्येक फोटोत दोन. माणूस हललं तर कसंही हलतं. हे प्रत्येक वेळी दोनदाच."

मच्छिंद्रनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे काय, मॅडम?"

"मशीनचा दोष असेल," डॉक्टरीणबाई म्हणाली, आणि दिवा बंद केला.

आखितीच्या दिवशी महारुद्रच्या वसरीत सतरंज्या अंथरल्या होत्या. पाटावर करा मांडलेला, गळ्याला सूत गुंडाळलेलं, अजून रिकामा. सोसायटीची चारपाच माणसं, नात्यातले म्हातारे, आणि खांबाला टेकून ज्ञानोबा. ऊन चढलं होतं. खाली धरणाचं पाणी हललंसुद्धा नव्हतं.

महारुद्रनं हात जोडले. "झालं ते झालं," त्यानं सुरू केलं. "वैनीच्या हातनं—"

धुरपदाबाई चुलीपासून उठून बाहेर आली. सोळा वर्षांत पहिल्यांदा ती या वेळेला वसरीत आली होती. काखेत मोठं तपकिरी पाकीट होतं.

"मच्छिंद्र, वाच."

मच्छिंद्रनं वाचलं, शाळेत धडा वाचावा तसं, शब्दाला शब्द जोडून. पूर्ण तुटलेली. जुनी इजा. अचानक आलेलं मोठं वजन, एकट्यानं पेललेलं. मग त्यानं काळा कागद ज्ञानोबाच्या हातात दिला. ज्ञानोबानं तो उन्हाकडं धरला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं हे दिसत होतं, पण त्यानं तो खाली ठेवला नाही.

"दोघांनी धरलं असतं तर हे तुटलं नसतं?" त्यानं विचारलं.

"न्हाय," मच्छिंद्र म्हणाला.

महारुद्र हसला. चेअरमनचं हसणं होतं ते, सभेत कुणी आडवा प्रश्न विचारला की यायचं तसं. "आवं, मशीनला काय ठाव कोण कुठं हुतं? वैनीनं धरलं, म्या कवा न्हाय म्हणलं? दोघांनीबी धरलं. दोघांच्याबी हातनं गेलं असंल. म्या कवाच माफ—"

"व्हय, दोघांनी धरलं," धुरपदाबाई म्हणाली, आणि पाटाच्या पलीकडं त्याच्यासमोर बसली. "माझा हात जड झालाय, महारुद्र. करा भरस्तोवर जरा धर."

तिनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि त्याच्या पुढं धरला.

एवढ्या माणसांत तो नाही म्हणू शकला नाही. त्यानं तिचा पंजा आपल्या उजव्या हातात घेतला. थोपटलासुद्धा.

आत घड्याळात दहाचे ठोके पडले.

त्याचं हसणं आधी गेलं. मग त्यानं बूड सावरलं, जड काही उचलताना सावरतात तसं. त्याचं मनगट हळूहळू पाण्याच्या बाजूला वळलं. कपाळावरची शीर वर आली. तो तिच्याकडं बघत नव्हता. तिच्या मागं, खाली बघत होता.



"धर," धुरपदाबाई हळूच म्हणाली. "आजून वर आली न्हाय ती."

पहिला हिसका बसला. वसरीतल्या सगळ्यांना त्याचा खांदा खाली गेलेला दिसला.

दुसरा बसला.

महारुद्रनं हात सोडला.

सोडला आणि मागं सरकला. बसल्या जागेवरून, सतरंजीवरून घसटत, चार पावलं. मग त्याचे दोन्ही हात जमिनीवर माती शोधायला लागले. खाली फरशी होती.

धुरपदाबाईचा हात पाटावर पडला होता. मेलेलाच होता, उचलत नव्हता. पण हलका होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा नुसता हात होता तो.

ज्ञानोबानं काळा कागद जपून खाली ठेवला. खांबापाशी तिचा तांब्या होता. त्यानं तो घेतला, आणि वरून धार धरून पाणी प्यायला.

महारुद्र आपल्या उजव्या हाताकडं बघत होता. हात फरशीवर सरळ पसरला होता, पाण्याच्या दिशेला. त्यानं तो ओढून घ्यायला बघितला. आला नाही. तळव्यावर आडवा एक लाल पट्टा उमटत होता, आणि त्यात काथ्याचा ओला धागा अडकलेला होता.

धुरपदाबाईनं डाव्या हातानं करा भरला. थेंब सांडला नाही. मग ती दिराकडं वळली.

"तवाबी असंच सोडलंस. आता दोर निंबाला बांधलेला न्हाय, आन म्होरं म्याबी न्हाय. धर एकट्यानं."